सोप्या क्विल्टचं किट: कापण्यापुरतं झकास, पुढचं तुमचं तुम्ही

३४ वर्षं भोसरीतल्या एका टूलरूममध्ये लेथ आणि मिलिंग मशीनवर काढली, बोटाला कधी टाका पडला नाही. निवृत्त झाल्यावर घरात मांडी घालून फुलाफुलांचं कापड कापत होतो, तर डाव्या तर्जनीचं अर्धं नख गेलं. त्यामुळे सुरुवात कटरपासूनच करतो.

किट मुळात माझ्यासाठी नव्हतं. मुलीला सातवा महिना लागला तेव्हा बायकोनं ऑनलाइन मागवलं. 'नवशिक्यांसाठी आधुनिक बेबी क्विल्ट, एका शनिवार-रविवारात तयार' अशी जाहिरात होती. क्विल्ट म्हणजे आपल्या गोधडीसारखं, तीन थर एकत्र शिवलेलं पांघरूण. किंमत २,९५० रुपये. खोका आला, तिनं उघडला, पट्टीवरचे इंचाचे आठवे भाग पाहिले आणि खोका माझ्याकडे सरकवला. "अहो, हे तुमचं खातं. मला ब्लाउज शिवता येतो, टूलरूम चालवता येत नाही." विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. मी लिहितोय ते अशा कुठल्याही किटला लावून बघता येईल.

आत ५ इंची ४२ चौकोन, किनारीच्या चार पट्ट्या, गोटासाठी अडीच इंची चार पट्ट्या, पाठीला सव्वा मीटर कापड, मधला भराव, ४५ मिलिमीटरच्या गोल पात्याचा कटर, कापताना खाली ठेवायची ए-थ्री आकाराची हिरवी मॅट, ६ बाय १२ इंची पारदर्शक पट्टी, सेफ्टी पिनांचं पाकीट आणि एक घडीचा कागद.

कटर बघून मला ओळखीचं कुणी भेटल्यासारखं झालं. पात्याचं टोक मोडून नवी धार काढायचा जो सरकता कटर आपण सगळे वापरतो, तो १९५६ साली जपानमध्ये ओसाकाला निघाला. चॉकलेटच्या वडीला खाचा असतात तशा पात्याला द्यायच्या, ही त्यातली कल्पना. कंपनीचं ओल्फा हे नावसुद्धा जपानीतल्या 'पातं मोडणे' या अर्थाच्या शब्दांवरून आलंय. त्याच ओल्फानं १९७९ मध्ये हा गोल फिरणारा कटर काढला आणि कापड कापण्याची तऱ्हाच पालटली. कात्री चालवताना कापड उचललं जातं, उचललं की हलतं. गोल पातं वरून दाबत जातं, त्यामुळे कापड जागचं हलत नाही. किटातला कटर ओल्फाचा नव्हता, पण पातं चांगलं होतं. कॅम्ब्रिकचे, म्हणजे किटातल्या तलम सुती कापडाचे, सहा थर एका फेरीत लोण्यासारखे कापले.

नखाचं असं झालं, की पट्टी दाबून धरलेल्या हाताचं बोट तिच्या कडेबाहेर आलं होतं. चूक सर्वस्वी माझी. कामावर पोरांना हेच सांगत आलो की हात कुठे आहे ते आधी बघ, मग मशीन सुरू कर. घरी आल्यावर माणूस हे विसरतो. एवढं मात्र म्हणेन, की नवशिक्याच्या किटात कागदाच्या पहिल्याच ओळीवर 'कापून झालं की पातं बंद करा, पट्टी धरलेली बोटं कडेपासून आत ठेवा' हे मोठ्या अक्षरात हवं. इथे ते चौथ्या घडीत, मुंगीच्या अक्षरात होतं.

पट्टी मात्र या खोक्यातली सगळ्यात चांगली वस्तू. जाड अॅक्रिलिक, रेघा खालच्या बाजूला छापलेल्या, त्यामुळे तिरकं बघितलं तरी माप चुकत नाही. मी माझ्या स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहिली, फरक दिसला नाही. मॅटवरच्या रेघा तितक्या भरवशाच्या नाहीत. माप पट्टीनं घ्या, मॅट फक्त खाली असू द्या. शिवाय ए-थ्री मॅट अपुरी पडते. ४४ इंच पन्ह्याचं कापड तिच्यावर मावायला दोनदा घडी घालावी लागते, आणि घडी उभ्या-आडव्या धाग्यात बसली नाही तर उलगडलेली पट्टी सरळ न येता नांगराच्या फाळासारखी मध्ये वाकते. पहिली पट्टी माझी तशीच आली. जुन्या शर्टावर सराव होता म्हणून वाचलो.

आता कापड. चौकोन आधीच कापून दिलेले, कडा करवतीच्या दातांसारख्या. ही सोय आहे आणि मेखही. ५ इंच मोजायचे ते दाताच्या टोकापासून की खाचेपासून? कागदावर एक अक्षर नाही. मी ४२ च्या ४२ मोजले. टोक ते टोक ५ इंच होते, दोन-तीन किंचित कमी. म्हणजे शिवताना टोकं कडेला धरायची. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. बाकी रंगांची निवड उत्तम, त्याबद्दल ज्या कुणी केली त्यांना मानलं. मोहरी, मोरपंखी, पांढरा, एक मळकट गुलाबी आणि एक लालभडक. मांडणी बायकोनं दिवाणावर केली आणि तीन दिवस कुणाला तिथे बसू दिलं नाही. शेजारच्या मुलीनं एक युक्ती सांगितली, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे: फोनवर काळा-पांढरा फोटो काढून बघायचा. रंग गेले की फिकं कुठे साचलंय आणि गडद कुठे, ते एका नजरेत कळतं. त्या फोटोत डावा कोपरा डांबरासारखा दिसला आणि सगळी मांडणी पुन्हा झाली.

खरी गंमत शिवणीत आहे. क्विल्टमध्ये माया, म्हणजे शिवणीबाहेरचं कापड, सोडतात पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. ब्लाउजला आपण इंच-इंच माया ठेवतो, पुढे अंग भरलं तर उसवता यावं म्हणून. इथे तसलं काही नाही. पाव म्हणजे पावच. का, ते पहिल्या दिवशी कळलं नाही. कामावर एक मिलिमीटर चुकला तर जॉब भंगारात जायचा, कापडात मात्र एका मिलिमीटरचं काय, असं म्हणून मी बिनधास्त शिवत गेलो. ४२ चौकोन म्हणजे एका ओळीत सहा, अशा सात ओळी. प्रत्येक शिवणीत माया एक मिलिमीटर जास्त गेली की दोन्ही बाजूंचे मिळून दोन मिलिमीटर कमी होतात. सात ओळी जोडायला सहा शिवणी. सहा दुणे बारा मिलिमीटर, जवळजवळ अर्धा इंच. उंची यायला हवी होती ३२ इंच, आली साडेएकतीस.

त्याचं एरवी काही बिघडलं नसतं. बाळ काही टेप घेऊन बसणार नव्हतं. पण किटवाल्यांनी किनारीच्या पट्ट्या आधीच नेमक्या मापात कापून दिल्या होत्या, दोन ३२ इंची आणि दोन साडेपस्तीस इंची. साडेएकतीस इंचाच्या कडेला ३२ इंचाची पट्टी ताणून-चेपून बसवली की ती पापडासारखी लाटा मारते. माझी मारली. पहिल्यांदाच शिवणाऱ्याचं माप कागदातल्या मापाशी जुळेल हे गृहीत धरणं, हा या किटातला सगळ्यात मोठा दोष. पट्टी लांब ठेवून द्यायची आणि लिहायचं, की मधला भाग शिवून झाल्यावर मध्यावर मोजा आणि तेवढी कापा. फिटिंगचा जॉब आम्ही तसाच करायचो. आधी भोकाचं माप घ्यायचं, मग पिन उतरवायची.

उसवून पुन्हा बसलो तेव्हा आधी चाचणी घेतली. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकमेकींना शिवायच्या, इस्त्री करायची आणि मधली पट्टी मोजायची. ती बरोबर एक इंच भरली तर तुमची माया बरोबर. माझी पहिल्यांदा कमी भरली. मग कळलं, की पूर्ण पाव इंचापेक्षा एक-दोन दोरे कमीच धरावं लागतं, कारण शिवणीवर कापड दुमडतं तेव्हा त्या घडीतही थोडं खर्ची पडतं. पत्रा वाकवताना बेंड अलाउन्स, म्हणजे वाकण्यात खर्ची पडणारं माप, धरतात, अगदी तेच! हे कळल्यावर मला या कामाबद्दल आदर वाटायला लागला. घरची मशीन उषा जानोमेची, बायकोची. मशीनच्या सपाट पाटावर सुईपासून सहा मिलिमीटरवर जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे चार थर चिकटवले आणि कापडाची कड त्याला टेकवून चालवली. तीच खूण आजही आहे. नेमकी पाव इंच माया धरणारा फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा भाग, वेगळा मिळतो. किटात तो असायला हवा होता, निदान त्याचा उल्लेख तरी.

आणखी एक गोष्ट कागदात नव्हती, बायकोच्या डोक्यातून आली. चौकोनांना हलकी खळ. खळ दिलेलं कॅम्ब्रिक कागदासारखं राहतं, कटरखाली पळत नाही, मशीनखाली ताणत नाही. इस्त्री मात्र ओढायची नाही. उचलायची आणि ठेवायची.

कागदाला श्रेय द्यायचं तर एका चित्राचं. पहिल्या ओळीच्या शिवणी डावीकडे दाबायच्या, दुसरीच्या उजवीकडे, पुन्हा डावीकडे. दोन ओळी समोरासमोर आणल्या की ते उंचवटे एकमेकांत जाऊन बसतात. बोटांना कळतं, आता बसलं. दोन भाग जागेवर बसवणारी डॉवेल पिन भोकात नीट उतरल्यावर जसं कळतं तसं. त्यानंतर चार चौकोन जिथे मिळतात तो बिंदू हलत नाही. माझे सगळे बिंदू जुळले. दोन जुळले नाहीत, ते मोहरीच्या फुलात लपले.

इथवर किट आवडलं होतं. दर्शनी भाग पूर्ण झाला, साडेपस्तीस बाय चाळीस इंचांपेक्षा जरा कमी, भिंतीला लावावा असा. शनिवार-रविवार नाही, अकरा दिवस लागले. हरकत नाही.

मग कागदातली शेवटची घडी उलगडली. तिच्यात तीन ओळी होत्या. खाली पाठ, मध्ये भराव, वर दर्शनी भाग ठेवा. पिना लावा. सरळ रेघांत शिवून टाका.

शिवून टाका! तीन थर मशीनखाली घातले आणि सहाव्या इंचाला वरचं कापड पुढे ढकललं जाऊन लाट उठली. उलटून बघितलं तर पाठीला चुण्याच चुण्या. कारण साधं आहे. खालचे दाते खालचं कापड मागे ओढतात, वरचा फूट वरच्या कापडाला अडवून धरतो. दोन थरांना हे चालतं. मध्ये फुगीर भराव आला की दोघांची गती वेगळी होते. यासाठी वरूनही कापड सरकवणारा वॉकिंग फूट मिळतो. तो किटात नाही, कागदात नाही, आणि ज्याच्यासाठी किट बनवलंय त्या नवशिक्याला तो असतो हेच माहीत नसतं. कापडाचे तुकडे जोडले ते फार तर चादरीचं तोंड झालं. तीन थर एकजीव होतात तेव्हा क्विल्ट होतं, आणि तिथेच या मंडळींनी हात वर केले. दोन संध्याकाळ बसून उसवलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल तर तो याच खात्यात.

त्या रविवारी फलटणजवळ गावी जाणं होतं. गाठोडं सोबत घेतलं. आमची काकी ऐंशीच्या घरात आहे, आणि आमच्या लहानपणी भावकीत कुणाकडे बाळंतीण आली की दुपटं तिच्याकडून जायचं. तिनं आधी भराव हातात घेतला, चिमटीत चोळला.

"ह्यो कसला कापूस? करकर वाजतोय."

पॉलिस्टर आहे म्हटलं.

"मग उन्हाळ्यात पोराला घाम फुटंल की. काढ ते."

तिचं बरोबर होतं. किटातला पॉलिस्टरचा भराव फुगीर दिसतो, फोटोत छान येतो, पण आपल्या हवेत तान्ह्या बाळासाठी त्याचा उपयोग नाही. तिनं ट्रंकेतून माझ्या आईचं जुनं लुगडं काढलं. आई जाऊन नऊ वर्षं झाली. लुगडं धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. त्याचे दोन थर मध्ये घातले. नऊवारातलं अजून बरंच उरलंय.

मी व्हिडिओत पाहिलं होतं की टाके मध्यापासून सुरू करून बाहेर जायचं, म्हणजे चुण्या कडेला निघून जातात. तसा मध्ये सुई घालायला लागलो तर तिनं हात धरला. "आरं मधनं कशाला? कडंनं ये. कड बसली की मधलं जातंय कुठं?" आधी तिनं सगळे थर सारवलेल्या जमिनीवर पसरून हातानं ताणले, मोठेमोठे कच्चे टाके घातले, आणि मग कडेनं धावदोरा घालत, कोपरा आला की वळत, आत आत. मधला भराव फुगीर असता तर तिच्या रीतीनं मध्यावर फुगा आला असता, असं मला वाटतं. पण लुगड्याच्या पातळ थरांना हीच रीत बरोबर, कारण हात दर टाक्याला थर चाचपत जातो. व्हिडिओवाले चूक नाहीत, त्यांचा भराव वेगळा आहे. मशीन घेऊन बसणार असाल तर मध्यापासूनच सुरू करा, पिना दर चार बोटांवर लावा आणि टाका जरा मोठा ठेवा.

दोन फेऱ्या तिनं घातल्या, उरलेल्या मी घरी आणून घातल्या. नऊ रात्री लागल्या. माझे टाके तिच्या दुप्पट मोठे, आणि दोन्हींची सीमा कुठे आहे ते लांबूनही ओळखू येतं. ते तसंच ठेवलंय. निघताना कटर आणि पट्टी तिला दाखवली होती. तिनं पातं निरखून बघितलं, म्हणाली, "कापाय इक्तं सामान लागतंय व्हय?" मग तिच्याच एका फाटक्या पातळाच्या पट्ट्या मी दोन मिनिटांत कापून दाखवल्या. गप्प झाली, आणि पुढचा अर्धा तास एकेक पातळ काढून देत राहिली. माझी परत यायची एसटी त्यात चुकली.

गोट किटातलाच वापरला. अडीच इंची पट्टी उभी दुमडून दुहेरी करायची, कच्ची कड दर्शनी बाजूला शिवायची, वळवून मागे हातानं टाके घालायचे. दुहेरी असल्यानं कड लवकर झिजत नाही. चार पट्ट्या तिरक्या जोडल्यावर जेमतेम पुरल्या. एखादी बिघडली असती तर घोटाळाच होता. पाचवी पट्टी द्यायला विकणाऱ्याचे फार पैसे गेले नसते.

धुतल्यावर लाल रंग उतरला. एक पांढरा चौकोन गुलाबी झाला. आधीच कापलेले चौकोन धुवू नका असं कागद सांगतो, कारण कडा विस्कटतात, आणि ते खरंही आहे. पण मग पक्क्या रंगाची हमी तुमच्याकडे आली ना? लाल किंवा नीळ असलेला एक तुकडा गरम पाण्याच्या ग्लासात पांढऱ्या चिंधीबरोबर अर्धा तास ठेवून बघा. चिंधी रंगली तर तो चौकोन बाजूला काढा. मला हे धुतल्यानंतर सुचलं. विकणाऱ्याला फोटो पाठवला, त्यांनी पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचा कोड पाठवला. तो अजून तसाच पडलाय.

दुपटं नातवाला पोचलं. मुलीच्या डॉक्टरांनी तान्ह्या बाळाला झोपेत असलं काही पांघरू नका असं बजावलंय, त्यामुळे ते जमिनीवर अंथरतात. तो पालथा पडून त्यातल्या लाल चौकोनाकडे टक लावून बघतो. उसवायची इच्छा असावी.

पैशांचं विचाराल तर पूर्ण किट पुन्हा घेणार नाही. कटर आणि पट्टी सुटी घेईन, पट्टी ६ बाय २४ इंची, मॅट ए-टू किंवा त्याहून मोठी. कापड पुण्यात रविवार पेठेत किंवा मुंबईत मंगलदास मार्केटला मीटरवर निवडून घेईन, घरी आणून धुऊन, खळ देऊन कापीन. वॉकिंग फूट पहिल्या दिवशी. भरावाला घरातली जुनी सुती साडी. पण ज्याला आजवर सुई धरायचीच भीती वाटली, ज्याला रंग जुळवायचं टेन्शन येतं, त्यानं या किटानं सुरुवात केली तर वाईट नाही. फक्त किनारीच्या पट्ट्या मापून घ्या आणि शेवटची घडी उलगडायच्या आधी कुणातरी काकीचा पत्ता काढून ठेवा. पाचपैकी तीन तारे. त्यातले दोन एकट्या पट्टीचे.

एक राहिलं. मॅट उन्हात ठेवायची नाही, तिच्यावर इस्त्री टेकवायची नाही, हेही कागदात नव्हतं. माझी एप्रिलमध्ये एक दुपार गॅलरीत राहिली. तिची आता पन्हाळ झाली आहे. बायकोनं ती तुळशीच्या कुंडीमागे लावून ठेवलीय, पागोळीचं पाणी वळवायला.